जावयांचा रणगाडा, एकास किती?

...आणि वर तो दुकानदार मलाच विचारतो, "आजोबा, एकास किती?"

आता याला काय उत्तर द्यायचं, तुम्हीच सांगा! मी मागितला एक रणगाडा. खेळातला. मातकट हिरवा, वर तोफ, खाली पट्टे. मागणं सरळ होतं की नाही? बटाटे मागितले तर बटाटेवाला विचारतो का, की खऱ्या बटाट्यापेक्षा किती पट लहान देऊ म्हणून? आणि विचारतानाचा त्याचा चेहरा... जसं काही सगळं जग घरून निघतानाच ठरवून निघतं, आज आपण एकास किती आहोत ते! शी! अहो, माप म्हणजे काही चेष्टा आहे का?

तुम्हाला सांगतो, मी बोलणारा माणूस नाही. शिंपी आहे मी. सेहेचाळीस वर्षं तोंडात टाचण्या धरून काम केलं. ज्याच्या तोंडात टाचण्या, त्याने बोलायचं कधी? गिऱ्हाईक बोलायचं, मी "हूं" म्हणायचो. "कंबर जरा सैल ठेवा." हूं. "मागच्या वेळी बाही आखूड झाली होती." हूं. शिक्षण चौथीपर्यंत, ते पण चौथी पूर्ण नाही. पण टेप वाचता येते, आणि टेप खोटं बोलत नाही एवढं कळतं. आता दुकान बंद केलं, टाचण्या डबीत गेल्या, आणि सेहेचाळीस वर्षांचं जे काही आत तुंबलं होतं ते आज तुमच्या अंगावर येतंय, त्याला माझा इलाज नाही. बसा. उठू नका हो, मी हळू बोलतो, पण संपवतो.

तर रणगाडा. रणगाडा माझा नाही, आमच्या जावयांचा. मी हल्ली लेकीकडे राहतो. दोन वर्षं झाली. जावई सज्जन माणूस, विमा कंपनीत आहेत. कोणाचं दुकान जळलं, कोणाच्या गोदामात पाणी शिरलं, की हे जाऊन बघतात, हात लावून, वास घेऊन, आणि कागदावर लिहितात की हे कसं झालं. घरी आले की हातपाय धुतात, बारीक ब्रश घेतात, ज्याला मोजून सात-आठ केस असतील, आणि बोटाएवढ्या सैनिकांना रंग देत बसतात. एकेका सैनिकाच्या डोळ्यात बुबुळ काढतात! शनिवारी दुपारी एका हॉलमध्ये यांच्यासारखेच आठ-दहा बापये जमतात, टेबलावर लढाई मांडतात, फासे टाकतात. मी कधी हसलो नाही हं त्यांना. मीही आयुष्यभर बटणांना काजं करत बसलोय, मी कोणत्या तोंडाने हसणार?

पण आमच्या दोघांचं बोलणं नाही. भांडण नाही हो, भांडण असतं तर बरं होतं, भांडणात चार शब्द तरी होतात. आमचं आपलं रोजचं ठरलेलं. ते म्हणणार, "चहा झाला, बाबा?" मी म्हणणार, "झाला." संपलं. दोन वर्षांत एवढंच. एकदा मी धीर करून म्हटलं, "आज गरम आहे." ते म्हणाले, "हो." मग आम्ही दोघं खिडकीबाहेर बघत बसलो. मला आपलं वाटायचं, माणूस आपल्याला सोसतोय. चांगल्या मनाने सोसतोय, पण सोसतोय. लेक म्हणायची, "बाबा, त्याचा स्वभावच तसा आहे, मनावर घेऊ नका." हे असं कोणी म्हटलं की माणूस हमखास मनावर घेतो.

म्हणून मी म्हटलं, बोलता येत नाही तर निदान काहीतरी करावं. जावई कामानिमित्त चार दिवस बाहेरगावी गेले होते, शुक्रवारी येणार, शनिवारी त्यांची लढाई. मी ठरवलं, त्यांचा शनिवारचा शर्ट इस्त्री करून ठेवू. आणि माझ्यासारखी इस्त्री... म्हणजे स्वतःचं सांगू नये, पण कॉलर अशी बसते की माणूस नुसता उभा राहिला तरी चार लोक वाट देतात. जेवणाच्या टेबलावर चादर घातली, शर्ट पसरला, इस्त्री तापवली. एक बाही झाली. सवयीने इस्त्री उजवीकडे टेकवली. सेहेचाळीस वर्षं माझ्या उजव्या हाताला लोखंडी स्टँड होता. हात गेला उजवीकडे, इस्त्री टेकली, बरोबर त्याच उंचीवर टेकली, मी निवांत दुसरी बाही उलटली, बटण तपासलं, एक दोरा लोंबत होता तो दातांनी तोडला...

आणि वास आला.

तो वास मी तुम्हाला सांगू शकत नाही. जळक्या चपलेवर कोणी औषध ओतावं तसा. जावयांनी जाताना रंग वाळायला म्हणून रणगाडा टेबलाच्या टोकाला ठेवला होता, कागदावर. त्याच्यावर माझी इस्त्री. उचलली तर तार निघाली, हिरवी तार! वरचा डबा बसलेला, तोफ खाली मान घालून जमिनीकडे वळलेली. मला इतकी किळस आली, तुम्हाला सांगतो... वासाची नाही, माझ्या हाताची. ज्या हाताने आयुष्यात एक कापड जाळलं नाही, त्या हाताने हे काय केलं?

लेक धावत आली. नाकाला पदर लावून म्हणाली, "बाबा! हा तर त्याचा आवडता!" सगळ्याच पोरींना ही खोड असते का हो, की आपलं मन फाटलेलं असताना नेमकं तिथेच बोट घालायचं? मी म्हटलं, "ते रागावतील." ती म्हणाली, "छे! तो एक शब्द बोलणार नाही." मी म्हटलं, "अगं, तेच तर." तिने वास जायला खिडकी उघडली. मग म्हणाली, "उद्या जाऊन नवा आणा. शनिवारच्या आत रंग वाळेल. कोणता होता ते मात्र मला विचारू नका, मला सगळे सारखेच दिसतात."

म्हणून मी त्या दुकानात. रुमालात जळका रणगाडा, चष्म्याच्या घरात एक सैनिक. सैनिक जावयांच्या कपाटातून घेतला, परत ठेवायच्या बोलीवर. आणि हा दुकानदार, गळ्यात पट्टा, पट्ट्याला किल्ल्या, म्हणतो, "एकास किती?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"एकास बहात्तर आहे, एकास छप्पन्न आहे, एकास अठ्ठेचाळीस आहे, एकास पस्तीस आहे. शंभर पण आहे, तो मागवावा लागेल."

मी म्हटलं, सैनिकाच्या मानाने जरा ऐसपैस असावा, बहात्तर द्या. तर साबणाच्या वडीएवढं काहीतरी काढून समोर ठेवलं! मी म्हटलं, "अहो, मोठा सांगितला मी." म्हणतो, "मग पस्तीस घ्या." म्हणजे बहात्तर लहान आणि पस्तीस मोठा! आमच्या धंद्यात बेचाळीस छाती अडतीसपेक्षा मोठी असते. तुमची मुलं वाढतात तसा त्यांचा आकडा वाढतो की कमी होतो? आणि पस्तीसचा काढला, तो चार वर्षांच्या पोराच्या बुटाएवढा. मी माझा सैनिक शेजारी उभा केला. बिचारा त्याच्या चाकाखालीच जाईल असा घाबरून उभा. बहात्तरच्या शेजारी ठेवला, तर वाटे हा आता रणगाडा काखेत मारून घरी जातोय. शी शी! माप म्हणजे काही चेष्टा आहे का?

मी रुमाल सोडला. "हा असा होता." दुकानदाराने खाली वाकून बघितलं, नाक मुरडलं. "याची लांबी काय धरायची? हा तर पसरलाय." आणि खरंच हो, पसरला होता. शिंप्याला हे कळायला हवं होतं, ओढलेल्या कापडावरून माप घेत नाहीत.

मग तो म्हणाला, "सैनिक किती मिलिमीटरचा?" आता काय सांगू! मी टेप काढली. माझी टेप नेहमी खिशात, घरात बसून माणसाने काय सोडलं असेल नसेल, टेप सोडलेली नाही. लावली पायापासून टोपीपर्यंत. तेवढ्यात मागून आवाज. "टोपीपर्यंत नाही हो! डोळ्यांपर्यंत!"

मागे एक दाढीवाला. हातात तीन खोकी, खांद्याला पिशवी, हे दुकान म्हणजे याचं माहेर असावं असा उभा. म्हणतो, "सैनिकाची उंची डोळ्यांपर्यंत मोजतात. टोपी असते, शिरस्त्राण असतं, ते धरत नाहीत."

डोळ्यांपर्यंत! सेहेचाळीस वर्षांत मी कोणाचं माप डोळ्यांपर्यंत घेतलं नाही! कपाळ काय गिऱ्हाइकाने घरी ठेवून यायचं? बरं, डोळ्यांपर्यंत तर डोळ्यांपर्यंत. अठ्ठावीस भरले. दाढीवाला खूश. "झालं! अठ्ठावीस म्हणजे एकास छप्पन्न. डोळे झाकून घ्या."

तर दुसरीकडून एक जाड चष्मेवाला, "कोण म्हणतं छप्पन्न? पायाखालची चकती धरली का? तो काय चकतीवरून खाली उतरणार आहे? जन्मभर तिच्यावरच उभा राहणार! चकतीसकट मोजा, मग बघा. अठ्ठेचाळीसच हवा."

"चकती धरायची नसते!"

"दिसायला दिसते ना? मग धरायची!"

"अहो, गणित आहे हे!"

"गणित राहू द्या घरी, याचं डोकं बघा केवढं आहे! हात बघा! हा माणूस आहे की घंटा?"

हे मात्र मला पटलं. मी त्या सैनिकाकडे शिंप्याच्या नजरेने पहिल्यांदाच बघितलं, आणि तुम्हाला सांगतो, मला घाम फुटला. डोकं शरीराच्या चौथ्या हिश्श्याएवढं. पंजे म्हणजे फावडी. मान नाहीच. असलं गिऱ्हाईक माझ्या दुकानात आलं असतं तर मी त्याला पाणी देऊन बसवलं असतं आणि घरचं कोणी सोबत आहे का विचारलं असतं. दाढीवाला म्हणतो, "ते मुद्दाम तसं करतात, लांबून चेहरा दिसावा म्हणून." म्हणजे माणूस उंचीने छप्पन्नावा हिस्सा, डोक्याने चाळिसावा, हाताने तिसावा! एकाच अंगावर तीन मापं! याला अंगरखा शिवायचा तर कापड कोणत्या दुकानातून आणायचं? अहो, माप म्हणजे काही चेष्टा आहे का?

ते दोघं भांडत राहिले, दुकानदार किल्ल्या वाजवत राहिला. मी म्हटलं, ही माणसं आपल्या कामाची नाहीत, आपण आपलं काम आपल्या रीतीने करू. कापड कोणाला घालायचंय? माणसाला. रणगाड्यात कोणाला जायचंय? सैनिकाला. मग आकडे कशाला, सैनिकालाच माप लावून बघू. दुकानात जोडून ठेवलेले छप्पन्न आणि अठ्ठेचाळीसचे नमुने मागून घेतले, दोन्हींना वर गोल झाकण होतं, आत उतरायचं. मी सैनिक आडवा धरला आणि त्याचे खांदे झाकणावर लावून बघितले. छप्पन्नच्या झाकणात खांदे जात नव्हते. अडकले! अठ्ठेचाळीसच्या झाकणात गेले, वर दोन्ही बाजूंना दोऱ्याएवढी जागा. झालं की नाही? जे अंगात जात नाही ते माप कसलं? शिवाय आम्ही शिंपी लोक शिवणीत थोडी माया ठेवतो, माणूस उद्या अंगाने भरला तर उसवून सैल करता यावं म्हणून. म्हटलं, असू दे थोडा मोठा. मोठा कधी कोणाला नडलाय?

हे वाक्य लक्षात ठेवू नका. मी पण विसरायचा प्रयत्न करतोय.

घरी आणला, खोक्यात सुटे तुकडे. लेकीने आणि मी मिळून चिकटवला, त्यातले दोन तुकडे उरले, ते मी पाकिटात ठेवलेत, अजून कळलेलं नाही कुठले. रंग दिला. लेक म्हणाली, "बाबा, तुमचा हात काय स्थिर आहे हो." शुक्रवारी संध्याकाळी जावई आले. "चहा झाला, बाबा?" "झाला." मी सांगणार होतो. देवाशप्पथ सांगणार होतो. तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "आज गरम आहे." ते म्हणाले, "हो."

शनिवारी ते खोकं घेऊन निघाले, तर लेक म्हणते, "बाबांना पण ने, घरात बसून कंटाळतात." मला डोळ्यांनी खुणावते, वाटेत सांगा म्हणून. वाटेत! गाडीत पंचवीस मिनिटं आम्ही दोघं समोरच्या बसच्या मागच्या काचेवरची जाहिरात वाचत बसलो. मी तीन वेळा वाचली. गुडघेदुखीची होती.

हॉल म्हणजे एका मोटार दुरुस्तीच्या कारखान्याच्या वर. खाली ठोकाठोकी, वर लढाई. मोठमोठी टेबलं, त्यावर पुठ्ठ्याची घरं, स्पंजची झाडं, नदी निळ्या रंगाची. जावयांचा प्रतिस्पर्धी एक दातांचा डॉक्टर, सगळे त्याला "सेनापती" म्हणतात. पोट टेबलाला टेकतं, आवाज असा की समोरच्याने आपोआप आ करावा. जावयांनी त्याला अजून एकदाही हरवलेलं नव्हतं, हे मला तिथे गेल्यावर तिसऱ्याच मिनिटाला तिघांनी येऊन सांगितलं.

जावयांनी खोकं उघडलं. सैनिक काढले, मांडले. मग रणगाडा काढला. हातात धरला. फिरवून बघितला. मी छताकडे बघायला लागलो, छतात बघण्यासारखं काही नव्हतं, एक पंखा होता, तोही बंद. ते म्हणाले, "बाबा..."

आणि सेनापती ओरडला, "चला चला, वेळ नाही, मला साडेपाचला एक अक्कलदाढ आहे!"

राहिलं तिथेच.

आता खेळ असा. तोफेचा पल्ला चोवीस इंच. चोवीस इंचांपर्यंत आणि नजरेला जे दिसतं त्याच्यावर मारता येतं. भिंतीआड असेल तर नाही. ऐकलंत? इंच! सैनिक मिलिमीटरमध्ये, रणगाडा एकास अमुकमध्ये, आणि पल्ला इंचात! एकाच टेबलावर! एका माणसाची छाती सेंटिमीटरमध्ये, बाही इंचात आणि पॅन्ट वितीने घ्या, आणि मग लग्नाला उभा करा त्याला! शी!

जावयांचा डाव होता पुठ्ठ्याच्या घराआड रणगाडा लपवायचा आणि सेनापतीचं पायदळ पुलावर आलं की बाहेर काढायचा. त्या घराची लांबी जुन्या रणगाड्याएवढी, बरोब्बर. दर वेळी तिथेच ठेवायचे म्हणे. त्यांनी ठेवला. आणि तुम्हाला सांगतो, भिंत संपली तरी रणगाडा संपेना. पुढून नाक बाहेर. किती? पाऊण इंचाला जरासं कमी. मी जी माया ठेवली होती ना, खांद्यांना दोऱ्याएवढी, ती सगळी मिळून तिथे बाहेर आली होती.

सेनापती वाकला. एक डोळा मिटला, स्वतःच्या तोफेच्या जागी हनुवटी टेकवली. "दिसतोय!"

जावई म्हणाले, "दिसला तरी पल्ल्याबाहेर आहे."

"मोजू."

सेनापतीने टेप लावली. लावली म्हणजे काय... एक टोक अंगठ्याखाली, मधे टेप टेकडीवरून, झाडावरून, झोळीसारखी लोंबतेय, दुसरं टोक आपलं अंदाजे! मला बघवेना. अहो, माझ्याकडे शिकायला पोरं यायची तेव्हा पहिले तीन महिने मी त्यांना कात्रीला हात लावू द्यायचो नाही, नुसती टेप धरायला शिकवायचो. सेनापती म्हणाला, "साडेचोवीस. च्यायला! हुकलं." जावयांनी श्वास सोडला. बाजूच्या लोकांनी पण सोडला. सगळा हॉल मोकळा झाला. सगळं निभावलं होतं. माझा रणगाडा, माझी चूक, सगळं अर्ध्या इंचाने वाचलं होतं. मी फक्त गप्प उभं राहायचं होतं. जे मी सेहेचाळीस वर्षं केलं, तेच आणखी अर्धं मिनिट करायचं होतं!

"टेप सैल आहे."

कोण बोललं? सगळ्यांनी वळून बघितलं. मी पण बघितलं. मीच होतो!

तोंडातून गेलं हो. टाचण्या असत्या तर गेलं नसतं. आणि एवढ्यावर थांबावं की नाही? माझा हात खिशात, माझी टेप बाहेर, लोक बाजूला, मी ती टेप ताणून धरली, दोन्ही टोकांना नख लावून, डोळा वर आणून... "चोवीस," मी म्हटलं. "भरून चोवीस."

  सेनापतीने माझ्याकडे असं बघितलं, जसं दुखलं नाही म्हणून पेशंट डॉक्टरकडे बघतो. फासे टाकले. पडले त्याला हवे तसे. रणगाडा गेला, पूल गेला, सव्वापाचला लढाई गेली, आणि सेनापती अक्कलदाढ काढायला गेला. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाला, "आजोबा, तुमच्यासारखी माणसं पाहिजेत." काय उपयोग हो? ज्याच्या घरी मी राहतो तो माझ्या शेजारी उभा राहून मेलेले सैनिक कापसात गुंडाळत होता.

गाडीत बसलो. जळका रणगाडा बांधलेला तो रुमाल मी काढला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, आता काय लपवायचं उरलंय. पहिल्या लाल दिव्याला त्यांनी रुमाल सोडला. बघितलं. नाकाजवळ नेलं, वास घेतला. बोटाने वर दाबलं. मग कामावर बोलतात त्या आवाजात म्हणाले, "उष्णता वरून. तळ सपाट. टोकाकडे निमुळता." माझ्याकडे वळले. "इस्त्री?"

"हो."

"किती तापलेली?"

"सुती."

आणि ते हसले! दोन वर्षांत मी त्यांचे दात पाहिले नव्हते, चांगले दात आहेत. इतके हसले की दिवा हिरवा झाला, मागचे भोंगे वाजवायला लागले, आणि यांचं डोकं स्टिअरिंगवर. मी म्हटलं, "जावईबापू, चुकलो. तिथेही चुकलो. गप्प बसायला हवं होतं." ते डोळे पुसत म्हणाले, "नाही बाबा. चोवीस म्हणजे चोवीस." मग गाडी काढली, आणि म्हणाले, "पण मला एक सांगा, अठ्ठेचाळीस का घेतलात?"

मी सांगितलं, झाकण, खांदे वगैरे. म्हटलं, विषय मिटला.

विषय मिटला? तिथून घरापर्यंत पंचवीस मिनिटं! खांदे मुळात का रुंद करतात, झाकण का अरुंद ओततात, छप्पन्न कोणी काढलं, बावन्न कोणी काढलं, ट्रक असेल तर अठ्ठेचाळीस का चालतं आणि रणगाडा असेल तर का नाही, घरांची दारं कोणत्या मापाची, झाडांना माप का नसतं... घरी पोचलो तरी गाडीतून उतरेनात. जेवताना मिठाची डबी म्हणजे छप्पन्न आणि लोणी म्हणजे अठ्ठेचाळीस, असं मांडून दाखवलं. सकाळी दाढी करताना, फेस लावलेला, न्हाणीघरातून बाहेर येऊन, "आणि हो बाबा, काल एक राहिलंच!"

आज तीन आठवडे झाले. कचेरीतून आले की चपला काढायच्या आधी सुरू. मी मधे "हूं" म्हणतो. आकडे माझ्या डोक्यात जात नाहीत, कान आतून दुखतात, परवा तर बहात्तर की शहात्तर यावर पाऊण तास गेला, आणि दोन्हींत फरक काय, तर जावयांच्या म्हणण्याप्रमाणे, तसा काहीच नाही! वीट आला हो! माप म्हणजे काही चेष्टा आहे का?

शेवटी काल मी लेकीला बाजूला घेतलं. म्हटलं, "अगं, जरा सांग ना त्यांना. तुझा नवरा बोलायचा थांबत नाही."

ती कपडे घडी करत होती. मान वर न करता म्हणाली, "बाबा, लग्न ठरलं तेव्हा माझ्याशी पण असाच बोलायचा. मी ऐकणं सोडलं, तेव्हा गप्प झाला."

"आणि त्याला किती दिवस लागले?"

"सहा वर्षं."

सहा वर्षं! माझं वय एक्क्याऐंशी! म्हणजे सत्त्याऐंशीव्या वर्षी कुठे मला शांतता मिळायची, ती पण मी आजपासून ऐकणं सोडलं तर. आणि तो माणूस दार उघडून आत येताना आधी माझ्या खुर्चीकडे बघतो हो, मी आहे की नाही ते... कसं सोडणार?

सहा वाजले. येतीलच आता. तुम्ही निघा, तुमची तरी सुटका होऊ दे.